जुन्या मोटारींतील ठोक्याचा पंचनामा

आमच्या घरीं १९८६ सालची ॲम्बॅसेडर मोटार आहे. वडिलांनीं ती वापरलेली अशीच विकत घेतली होती व त्यांच्यामागें ती आम्हां दोघां बंधूंच्या सामाईक खात्यांत आली. शेती थोरले बंधू पाहतात. आम्ही तहसील कचेरींतील कारकुनी संपवून दोन वर्षांमागें वस्तीवर राहावयास आलों, तेव्हांपासून गाडी चालविण्याचें काम आमच्याकडे आहे. हौसेखातर जुनी मोटार बाळगणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हे. आमच्या मातोश्रींचीं मूत्रपिंडें निकामी झाल्यामुळें त्यांना दर मंगळवारीं व शुक्रवारीं तालुक्याच्या गांवीं डायालिसिससाठीं न्यावें लागतें. वस्तीपासून तें ठिकाण २२ किलोमीटर. पहाटे पांचला निघावें, सहाच्या आंत पोंचावें व दुपारीं परतावें, असा क्रम. एस. टी.ची पहिली गाडी साडेसातला फाट्यावर येते, आणि उपचार झाल्यावर फाट्यापासून वस्तीपर्यंत चालण्याचें त्राण मातोश्रींच्या अंगीं राहत नाहीं. तेव्हां गेल्या डिसेंबरांत ह्या गाडीच्या इंजिनांतून ठोका ऐकूं येऊं लागला, त्या वेळीं आमच्या पोटांत कसें झालें असेल तें वाचकांनींच जाणावें.

ठोका सतत येत असता तर काम सोपें होतें. तो येई आणि जाई. बाजारपेठेंतून गाडी हळू चालवितांना, रेल्वेच्या फाटकापाशीं इंजिन चालू ठेवून उभे असतांना, उसाच्या गाड्यांमागून दुसऱ्या गिअरमध्यें सरकतांना, खालून ‘ठक् ठक् ठक्’ असा जड, लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येई. वेग वाढविला कीं तो नाहींसा होई. आणि गाडी गॅरेजच्या दारांत नेऊन उभी केली कीं इंजिन इतक्या साळसूदपणें चाले कीं मिस्त्रीनें आमच्याकडेच संशयानें पाहावें. कचेरींत जबाब घेतांना असे साक्षीदार आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. चावडीवर सर्व कांहीं बोलणार आणि साहेबांसमोर मुके. चौथ्या खेपेस मात्र आवाज मिस्त्रीच्या कानांवर पडला. त्यानें लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाखालील तेलाच्या चेंबरला टेकविला, मूठ कानाला लावली आणि मान हलविली.

“भाऊसाहेब, कनेक्टिंगचं बेअरिंग गेलं. इंजिन खोलावं लागणार. क्रँक घासायला पुण्याला धाडू.”

खर्चाचा अंदाज ३८,००० रुपये, आणि गाडी पंधरा दिवस गॅरेजांत. हा मिस्त्री लबाड नव्हे. आमच्या वडिलांच्या वेळेपासून तो गाडीचें काम करतो, आणि त्याच्या जागीं दुसरा कोणी असता तर तोहि हेंच बोलला असता. पण चाळींतील कांदा विकून जे पैसे हातीं येणार होते, त्यांतून विहिरीची पाइपलाइन बदलावयाची होती. शिवाय पंधरा दिवस गाडी नाहीं म्हणजे भाड्याची जीप. तिचे एका खेपेस बाराशें रुपये. थोरले बंधू म्हणाले, “अरे, भंगारांत घाल ती. महिन्याला दहा हजार भाडं गेलं तर गेलं, पण आईला घेऊन रस्त्यांत अडकायला नको.” हें बोलणेंहि चुकीचें नव्हतें. कनेक्टिंग रॉडचें बेअरिंग खरोखरच झिजलें असेल तर तिकडे डोळेझांक करणें धोक्याचें. तो दांडा तुटला तर इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर येतो. मग क्रँक घासण्याचा प्रश्नच उरत नाहीं. म्हणजे खर्च करावा तर तो कदाचित् व्यर्थ, न करावा तर कदाचित् सर्वनाश, अशा पेंचांत आम्ही सांपडलों.

अशा वेळीं मनुष्य जे मूर्खपणे करतो ते आम्हींहि केले. प्रथम कोणाच्या सांगण्यावरून जाड तेल घातलें, त्यांत आवाज दाबणारें म्हणून विकतात तें एक औषध ओतलें. १,४०० रुपये गेले, ठोका राहिला. मग शेजारच्या मळ्यांतील एका सुशिक्षित गृहस्थांनीं दोष पेट्रोलला दिला. २०२३ सालापासून पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल येऊं लागलें, त्यानेंच जुनीं इंजिनें ठोकतात, असें त्यांचें म्हणणें. आपल्यापैकीं पुष्कळांचा ऊस ज्या कारखान्यांना जातो तेच हें इथेनॉल काढतात, म्हणून ह्या आरोपाची थोडी चौकशी करणें आम्हांला अवश्य वाटलें.

इंजिनांत ‘ठोकणें’ ह्या एकाच शब्दानें दोन निराळे प्रकार ओळखले जातात, आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो. एक प्रकार ज्वलनाचा. सिलिंडरमधील पेट्रोल व हवा यांचें मिश्रण ठिणगीपासून क्रमानें जळत न जातां त्याचा शेवटचा भाग दाबानें व उष्णतेनें एकदम भडकतो, आणि बारीक घुंगरें हलविल्यासारखा किंवा डब्यांत खडे खुळखुळविल्यासारखा आवाज येतो. तो चढावर, वरच्या गिअरमध्यें, ॲक्सिलरेटर दाबला असतां येतो. हा दोष टाळण्यासाठींच १९२१ सालीं अमेरिकेंत थॉमस मिजली यानें पेट्रोलमध्यें शिशाचें एक संयुग घालण्याची युक्ति शोधली. तें विषारी असल्यामुळें पुढें जगभर काढून टाकण्यांत आलें. आपल्या देशांत १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल मिळूं लागलें. आतां इथेनॉलचा गुण असा कीं तें ह्या प्रकारच्या भडक्यास पेट्रोलहून अधिक विरोध करतें. म्हणजे ज्वलनाचा ठोका त्यानें कमी व्हावा, वाढूं नये. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या व कार्बोरेटरमधील गास्केटें त्यानें फुगतात व तडकतात, ही तक्रार मात्र खरी आहे, आणि जुनी गाडी बाळगणाऱ्यानें त्या नळ्या बदलून घ्याव्या हें उत्तम. परंतु आमचा ठोका चढावर कधींच येत नसे. इंजिन मंद चालत असतांना येई. तेव्हां इथेनॉलवरील आरोप आम्हीं काढून टाकला.

दुसरा प्रकार यंत्राच्या भागांचा. जेथें दोन भागांमध्यें तेलाच्या पापुद्र्याएवढीच जागा असावयाची तेथें झिजेनें अधिक जागा झाली, किंवा घट्ट असावयाचें तें ढिलें झालें, म्हणजे एक भाग दुसऱ्यावर आपटतो. हा ठोका कोठला हें कानानें ओळखण्याची विद्या जुन्या मिस्त्रींना असते. वैद्यांनीं छातीवर नळी लावून ऐकण्याची पद्धत १८१६ सालीं फ्रान्समध्यें लेनेक याच्यापासून सुरू झाली. मिस्त्रीचा स्क्रू-ड्रायव्हर ही तिचीच बहीण. पण एक उणीव ध्यानांत ठेवावी. मनुष्याच्या छातींत मांस व हवा असते, म्हणून आवाज जेथल्या तेथें राहतो. इंजिन म्हणजे अखंड लोखंड. एका टोंकाला ठोकलें तर दुसऱ्या टोंकालाहि ऐकूं येतें. नुसत्या स्क्रू-ड्रायव्हरवर निकाल देणें म्हणजे एका साक्षीदारावर खटला चालविणें होय.

टॅपेटचा आवाज हलका, शिवणयंत्रासारखा. व्हॉल्व्ह हलविणारा दांडा क्रँकच्या निम्म्या वेगानें फिरतो, म्हणून हा आवाजहि सावकाश गतीचा. पिस्टन सिलिंडरमध्यें सैल झाला असेल तर थंड इंजिनांत पोकळ थपथप येते आणि इंजिन तापल्यावर, पिस्टन फुगल्यामुळें, ती कमी होते. पिस्टनची पिन सैल असल्यास मंद गतींत खणखणीत जोडठोका येतो. कनेक्टिंगच्या बेअरिंगचा ठोका जड व कठीण. ॲक्सिलरेटर दाबून एकदम सोडला म्हणजे तो स्पष्ट होतो, आणि तेल तापून पातळ झालें कीं वाढतो. मेन बेअरिंगचा त्याहून खोल, जमिनींतून आल्यासारखा, ओझें पडलें असतां. तेलाचा दाब दाखविणारा कांटा असेल तर ह्या शेवटच्या दोहोंत तो सहसा खालीं उतरतो.

ह्यांपैकीं मिस्त्रीनें निवडलेलें कारण कागदावर अगदीं बरोबर बसत होतें. पहाटे जातांना, थंडींत, ठोका कधीं नसे. दुपारीं परततांना, ऊन असतांना, तो हटकून येई, आणि तोहि इंजिन सुरू केल्यावर पांच-दहा मिनिटांनीं. तेल तापलें, पातळ झालें, बेअरिंग बोलूं लागलें. ह्याहून सरळ तर्क कोणता?

तरी आम्हीं पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. तीस वर्षें कचेरींत काढल्यावर एक खोड लागते. नोंद असल्याशिवाय हुकूम करवत नाहीं. एक शंभर पानी वही घेतली, तींत आठ रकाने आंखले : तारीख, वेळ, किती किलोमीटर झाले, तापमानाचा कांटा, रस्ता, गिअर, गाडींतील ओझें, व हवा. ठोका आला म्हणजे लिहावयाचेंच, पण ठोका येण्यासारखी स्थिति असून आला नाहीं तर तेंहि लिहावयाचें, असा नियम ठेवला. हा दुसरा भाग लोक विसरतात. पीक पाहणींत पडीक जमीन लिहिली नाहीं तर उतारा जसा खोटा होतो, तशीच ही गोष्ट. मागच्या बाजूस पडलेल्या मातोश्रींचें लक्ष आमच्याहून अधिक. “आला बघ तुझा सुतार,” असें त्या म्हणाल्या कीं आम्हीं गाडी कडेला घेऊन लिहावें.

मुदत संपत आली तेव्हां वहींत एक्केचाळीस नोंदी झाल्या होत्या आणि त्यांपैकीं एकोणचाळीस मिस्त्रीच्या बाजूच्या होत्या. दोन मात्र फुटल्या.

पहिली जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यांतील मंगळवारची. मातोश्री आंत असतांना आम्ही गाडींत वाचीत बसलों होतों; आंतला दिवा तसाच राहिला व बॅटरी उतरली. पूर्वीं अशा वेळीं गाडीचें हँडल मारून काम भागे. तें हँडल आतां कोठें आहे कोणास ठाऊक. दोघां मुलांनीं ढकलून गाडी सुरू करून दिली. त्या दुपारीं रणरणतें ऊन, तापमानाचा कांटा नेहमींच्याच जागीं, फाटकापाशीं आठ मिनिटें खोळंबा, आणि ठोका नाहीं. वस्तीच्या अगदीं जवळ आल्यावर, देवळाच्या वळणावर, चार-दोन ठोके ऐकूं आले इतकेंच.

दुसरी त्याच आठवड्याच्या शुक्रवारची. त्या दिवशीं मातोश्रींचा नंबर उशिरा लागला. दिवसभर आम्ही औषधांसाठीं व बाजारासाठीं गांवांतून गाडी फिरविली. सायंकाळीं पांच वाजतां पेठेंत ठोका चांगला वाजत होता. रात्रीं साडेनऊला त्याच पेठेंतून, त्याच तापलेल्या इंजिनानें निघालों, फाटकापाशीं पुन्हां उभे राहिलों, आणि इंजिन गप्प. मिस्त्रीला सांगितलें तर तो म्हणाला, रात्रीची हवा गार. पण तेल हवेनें पाहत नाहीं. तें इंजिनाच्या उष्णतेनें पातळ होतें, आणि कांटा तर दोन्ही वेळां एकाच रेघेवर होता. वहींत तसें लिहिलेलें होतें, म्हणूनच आम्हांला तसें बोलण्याचें धैर्य झालें.

त्या रात्रीं घरीं आल्यावर वही समोर घेऊन बसलों. पहाट, रात्र, आणि बॅटरी उतरलेली ती दुपार. ह्या तीन वेळांत सारखें काय? पुष्कळ वेळ कांहीं सुचेना. आमच्या आठ रकान्यांत त्याचें उत्तर नव्हतें, कारण त्याचा रकानाच आम्हीं आंखला नव्हता. पहाटे आणि रात्रीं गाडीचे दिवे लागलेले असतात. आणि उतरलेली बॅटरी भरून काढण्यासाठीं त्या दुपारीं ऑल्टरनेटर सारखा वीज देत होता. तीनहि वेळां ऑल्टरनेटरवर ओझें होतें! ज्या दुपारीं ठोका येई, त्या दुपारीं दिवे बंद, बॅटरी भरलेली, आणि ऑल्टरनेटर नुसता फिरत असे. सुरू केल्यावर पांच-दहा मिनिटांनींच ठोका कां येई हेंहि मग उमगलें. स्टार्टरनें बॅटरींतून ओढलेली वीज भरून निघावयास जो वेळ लागतो तो हाच; इंजिन तापण्याशीं त्याचा संबंध नव्हता, दोन गोष्टी बरोबरीनें घडत इतकेंच.

दुसऱ्या दिवशीं भर दुपारीं अंगणांत इंजिन चालू करून ठेवलें. दहा मिनिटांनीं ठोका सुरू झाला. थोरल्या बंधूंना पंच म्हणून बोलाविलें व पुढचे मोठे दिवे लावले. ठोका बंद. दिवे मालविले, क्षणभरानें ठोका चालू. सात वेळां हें केलें, सातहि वेळां तोच निकाल. बंधू चष्मा पुसत म्हणाले, “दिव्यांनं बेअरिंग बरं होत असेल तर मिस्त्र्यांनीं उपाशीच मरावं.”

येथें एक खुलासा करणें जरूर आहे. आमच्या गाडीचा मूळचा डायनामो काढून पूर्वींच ऑल्टरनेटर बसविलेला आहे. जुना डायनामो मंद गतींत वीज देतच नाहीं. त्या वेळीं दिवे बॅटरीवरच चालतात. डायनामो असता तर ही खूण आम्हांला मिळाली नसती.

मग दुसरी परीक्षा केली, जी वास्तविक पहिल्याच दिवशीं व्हावयास हवी होती. इंजिन मंद चालत असतांना एकेका प्लगची तार काढून तो सिलिंडर बंद पाडावयाचा. कनेक्टिंगचें बेअरिंग सैल असेल तर त्या सिलिंडरमधील स्फोट थांबतांच त्याच्या दांड्यावरील दाब जातो व ठोका स्पष्ट कमी होतो. कोणत्या सिलिंडरचें काम आहे हेंहि त्यावरून कळतें. तार काढतांना कोरड्या रबरी हातमोज्यानें धरावी, नाहींतर धक्का बसतो, आणि धोतराचा सोगा, उपरणें, बाही वगैरे पंख्यापासून दूर ठेवावीं. आम्हीं चारहि तारा क्रमानें काढून पाहिल्या. एकाहि तारेनें ठोका कमी झाला नाहीं. उलट प्रत्येक वेळीं तो थोडा वाढला. म्हणजे दोष कोणा एका सिलिंडरचा नव्हता. इंजिन जितकें खडबडत फिरेल तितका ठोका अधिक, असा तो प्रकार होता.

राहिला पट्टा. इंजिनाच्या पुढच्या टोंकाशीं क्रँकवर एक पुली असते. तिच्यावरून जाणारा पट्टा पंखा, पाण्याचा पंप व ऑल्टरनेटर यांना फिरवितो. इंजिन थांबवून पट्टा काढला व पुन्हां चालू केलें. जड ठोका गेला; त्याच्या जागीं बारीक खळखळ राहिली. पट्टा नसतांना पाण्याचा पंप फिरत नाहीं, म्हणून ही परीक्षा एका मिनिटाच्या वर लांबवूं नये. मग इंजिन बंद करून गाडी वरच्या गिअरमध्यें घातली, चाकांना दगड लावले आणि क्रँकची पुली दोन्ही हातांनीं धरून हलविली. क्रँक जागचा हलत नव्हता, आणि पुलीची कड मात्र ज्वारीच्या दाण्याएवढी मागें-पुढें होत होती. एवढ्याशा हालचालीनें ३८,००० रुपयांचा आवाज निघत होता.

ह्याचें कारण वाचकांस थोडक्यांत सांगतों. ही पुली क्रँकच्या टोंकावर नुसती चढविलेली असते. ती घसरूं नये म्हणून क्रँकच्या व पुलीच्या खाचेंत मिळून अर्धचंद्राच्या आकाराची एक पोलादी चावी बसवितात, आणि पुढून मोठा बोल्ट आवळून पुली दाबून धरतात. बोल्ट ढिला झाला तर सारा भार चावीवर येतो. क्रँक आपल्या डोळ्यांना सारखा फिरतो असें वाटलें तरी तो सारखा फिरत नाहीं. चार सिलिंडरच्या इंजिनांत त्याला प्रत्येक फेऱ्यांत दोन धक्के मिळतात व मध्यें तो किंचित् रेंगाळतो. मंद गतींत हें रेंगाळणें अधिक. ऑल्टरनेटरच्या आंतील चाक जड असून पट्ट्यामुळें तें क्रँकहून पुष्कळ वेगानें फिरतें. त्याला गति सोडावयाची नसते. क्रँक रेंगाळला कीं तें पट्ट्याकरवीं पुलीला पुढें ओढतें आणि पुढचा धक्का आला कीं क्रँक पुलीला गांठतो. दर वेळीं चावीवर घण बसतो. दिवे लावले म्हणजे ऑल्टरनेटर जड फिरूं लागतो, पुलीला सतत मागें धरतो, आणि चावी खाचेच्या एकाच कडेला चिकटून राहते. ठोकावयास जागाच उरत नाहीं. वेग वाढविल्यावर ठोका कां जाई तेंहि ह्यावरून समजेल. पंख्याला हवेचा विरोध वेगाबरोबर फार वाढतो व तोच काम तेव्हां पंखा करतो.

सोमवारीं गाडी मिस्त्रीकडे नेली. त्यानें वही शांतपणें वाचली, दिवे लावून पाहिले, विझवून पाहिले, आणि कांहीं न बोलतां रेडिएटर उतरविला. बोल्टला पाना लावतांच तो सहज फिरला. त्याखालील वॉशरचें पान, जें दुमडून बोल्ट अडकवावयाचें असतें, तें दुमडलेलेंच नव्हतें. पुलीच्या आंत तांबूस भुकटी जमली होती. पोलाद पोलादावर बारीक घांसत राहिलें म्हणजे ती जमते. चावीच्या दोन्ही कडा झिजून चकचकीत झाल्या होत्या व पुलीची खाच रुंद झाली होती. क्रँकची खाच मात्र सुदैवानें शाबूत निघाली. आणखी दोन महिने गेले असते तर ती राहिली नसती, आणि मग क्रँकसाठीं इंजिन खरोखरच उघडावें लागलें असतें. म्हणजे थोरल्या बंधूंची घाईहि अगदींच अनाठायीं नव्हती.

वॉशरचें पान कोणीं दुमडलें नाहीं, हा प्रश्न उरला. गेल्या वैशाखांत पुढच्या सीलमधून तेल गळत होतें, म्हणून पुली काढून सील बदलण्यांत आलें. तें काम ह्याच गॅरेजांत झालें, हें खरें. पण त्या दिवशीं गुरुवार होता, दुसऱ्या दिवशीं डायालिसिस, आणि “रात्रीं आठच्या आंत गाडी पाहिजे” म्हणून डोक्यावर उभे राहणारे आम्हीच होतों. जुनाच वॉशर चालवून घ्या, असेंहि आम्हींच म्हटलें असावें. मिस्त्रीनें तें बोलून दाखविलें नाहीं, आम्हींहि दोष दिला नाहीं.

ॲम्बॅसेडर मूळची इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्ड. बंगालमधील उत्तरपाडा येथें ती १९५७-५८ च्या सुमारास होऊं लागली व २०१४ सालीं तिचें उत्पादन थांबलें. आमचें १४८९ घन सेंटिमीटरचें इंजिन तर त्याहि पूर्वींच तिच्यांत बसविणें बंद झालें होतें. तरी सुटे भाग अजून मिळतात. पुण्यास नाना पेठेंत दोन तास हिंडल्यावर खाच चांगली असलेली एक जुनी पुली ८५० रुपयांस मिळाली. चावी व वॉशर ९० रुपये, नवें सील १६०, मजुरी ९००. एकूण २,००० रुपये. पुली बसवितांना चावी खाचेंत बोटानें न हलेल इतकी घट्ट बसते ना, हें आम्हीं स्वतः पाहिलें, आणि वॉशरचें पान दुमडेपर्यंत तेथून हललों नाहीं. मात्र ह्या वेळीं घाई केली नाहीं.

विहिरीवर तेल-इंजिन चालविणाऱ्यांना ही हकीकत परकी वाटणार नाहीं. आमच्या वडिलांच्या विहिरीवर इंजिन सांभाळणारे तात्या अजून हयात आहेत; त्यांना हें सांगितलें तेव्हां ते हंसले. त्यांच्या काळच्या एका सिलिंडरच्या इंजिनांत दोन्ही बाजूंस अवजड चाकें असत, आणि त्यांची चावी सैल झाली म्हणजे असाच ठोका येई. “लोक हेड उतरवायचे, पिस्टन काढायचे, आणि मी आधीं चाकाच्या चावीवर हातोडीनं एक टिचकी मारून बघायचो,” असें ते म्हणाले. डिझेल इंजिनास प्लग नसतात. जुन्या पद्धतीच्या इंजिनांत एकेका नोजलच्या नळीचा नट किंचित् सैल करून तो सिलिंडर बंद पाडतां येतो. तेथें जाड फडकें धरावें व हात आणि डोळे लांब ठेवावे, कारण त्या दाबाचें डिझेल कातडी भेदून आंत शिरतें. नव्या कॉमन-रेल इंजिनांत मात्र हा प्रयोग कदापि करूं नये. तेथील दाब अतिशय मोठा असतो. ट्रॅक्टरमध्यें ठोका आला तर क्लच दाबून पाहावा. दाबतांच आवाज गेला किंवा बदलला तर इंजिन उघडण्याआधीं क्लच, फ्लायव्हीलचे बोल्ट व क्रँकची मागें-पुढें होणारी चाल तपासावी.

पुली बसविल्यानंतरच्या शुक्रवारीं परततांना रेल्वेचें फाटक नेमकें बंद होतें. बारा मिनिटें इंजिन चालू ठेवून, दिवे मालवून उभे राहिलों. मातोश्री मागें पडून होत्या. “सुतार गेला वाटतं,” इतकेंच त्या म्हणाल्या.

पाइपलाइनचें काम पाडव्याच्या आंत पुरें झालें. वही आम्हीं बंद केलेली नाहीं. तींत दिव्यांचा नववा रकाना वाढविला आहे. सध्यां तींत मागच्या उजव्या चाकाकडून वळणावर येणाऱ्या किरकिरीच्या सहा नोंदी आहेत. पाऊस पडून गेल्यावर ती येत नाहीं, एवढेंच अजून कळलें आहे.